शहागडच्या मोसंबीचा निर्देशांक

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, म्हणून आधीच सांगून टाकते. आमच्या मोसंबीच्या अख्ख्या बहाराची माती झाली. गारपिटीनं नाही, रोगानं नाही. माझ्यामुळं! एम. ए. अर्थशास्त्र!

झालं असं, की कॉलेजात प्रकल्प होता. बाजारात स्पर्धा किती, हे एका आकड्यात मोजायचं. प्रत्येक व्यापाऱ्याचा बाजारातला टक्का काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज. बेरीज मोठी आली तर बाजार एकदोघांच्या मुठीत. लहान आली तर स्पर्धा जोरात, म्हणजे शेतकऱ्याला भाव चांगला. सोपं आहे ना? मलाही तसंच वाटलं होतं.

शहागडला हायवेच्या कडेला मोसंबी घेणाऱ्यांचे गाळे आहेत. तिथं बसले. ट्रकचा हॉर्न वाजला की दचकायचे, पण नेटानं कोणाकडं किती माल उतरतो ते मोजलं. सहा गाळे, सहा पाट्या, सहा वेगळी आडनावं. टक्के जवळपास सारखे. सहा व्यापाऱ्यांत याहून लहान आकडा येणंच शक्य नव्हतं! सर म्हणाले, "वा! काय निरोगी बाजार आहे!"

त्याच आठवड्यात आमच्या बांधावर परगावचा एक व्यापारी आला. जाग्यावरून तोडून नेतो म्हणाला, भावही बरा सांगितला. वडील गेल्यापासून बाग माय बघते. ती हो म्हणायच्या बेतात होती, पण थांबली.

"देऊ का गं? तू शिकलेली हाईस."

मला, आणि सल्ला? अंगावर काटा आला हो!

"बिलकुल नको, माय! शहागडात सहा जण हायेत. चढाओढीनं भाव देतील. मी मोजलंय."

"मोजलंस म्हंजे बराबर असंल." मायनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मंग काय! माल तोडला, टेम्पो भरला. तोडलेली मोसंबी परत झाडाला चिकटत नाही, हे पुस्तकात कुठं लिहिलंय?

पहिल्या गाळ्यातल्या माणसानं एक मोसंबी दाबली, तोंड वाकडं केलं आणि "इचारून सांगतो" म्हणत फोन लावला. समोर कडुलिंबाखाली बाजेवर एक शेठ बसले होते. त्यांचा फोन असा दणाणला, की मी दचकून टेम्पोवर आदळले. शेठ फोनमध्ये काहीतरी पुटपुटले. गाळ्यातल्यानं भाव सांगितला. बांधावरच्यापेक्षा पार खाली!

"चल माय, दुसरीकडं."

दुसऱ्यानं मोसंबी दाबली, फोन लावला. लिंबाखाली फोन वाजला. तोच भाव.

योगायोग असतात की नाही जगात? तिसऱ्यानंही फोन लावला. पुन्हा लिंबाखाली!

चौथ्याकडं वळलो तर शेठच ओरडले, "ओ ताई, कशाला उन्हात फिरून राह्यल्या? तिथंबी मलाच इचारतेत. इकडंच या की!"

"पण... पाट्या तर वेगळ्या..."

"एक मेव्हण्याच्या नावानं, एक साडूच्या, एक डायवरच्या. कागदावर लागतंय तसं."

मायनं माझ्याकडं पाहिलं. "सहा जण हायेत म्हन्लीस ना गं?"

"हो, पण..."

"मंग बाकीचे पाच कुठं गेले?"

मी घाईघाईनं बांधावरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्याची गाडी दुसऱ्याच्या बागेतून कवाच भरून गेल्ती. ऊन चढत होतं, माल तापत होता. दिला. सगळा. शेठ म्हणतील त्या भावात. परतताना माय टेम्पोच्या भाड्याचे पैसे मोजत बसली. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

प्रकल्पाला मात्र वर्गात सगळ्यांत जास्त गुण, बरं का!

त्या गुणांवर मी नोकरी शोधायला निघाले. घनसावंगी झालं, जालना झालं. कोणी दारात उभं करीना. शेवटी लिखापढीला माणूस कोणाला हवा होता? शेठना.

"पगार किती द्याल?" मी विचारलं.

"दुसरीकडं जास्ती भेटत असंल तर जा की!" म्हणाले, आणि ठसका लागेपर्यंत हसले.

मी गेले नाही. कुठं जाणार? दिवाळीनंतर त्यांनी सातवा गाळा काढला. कसलासा कागद पुढं करून "कर सही!" असे खेकसले, की मी दचकून करूनच टाकली. आता त्या गाळ्याच्या पाटीवर मालक म्हणून माझं नाव आहे.

परवा कॉलेजातली एक मुलगी प्रकल्पासाठी आली. बिचारी घामाघूम. "मॅडम, इथं बाकीच्या व्यापाऱ्यांशी स्पर्धा कशी आहे?"

मी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "लई तगडी!"