रीळ चाटणारे आबा

दुरुस्तीला आलेली वस्तू आबा आधी चाटून बघत. चष्मा नंतर, पान्हा त्याच्याही नंतर. वस्तू तोंडाशी न्यायची, जिभेचं टोक हळूच लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "अजून मीठ शे." शे म्हणजे आहे; आबा अहिराणी बोलायचे.

तुम्हाला किळस आली असेल. आम्हालाही यायची. पण माणसाला कशाचीही सवय होते. महिनाभरात आम्ही आबा कधी येतात आणि आज काय चाटतात याची वाट बघायला लागलो.

आबा टाइपरायटर दुरुस्त करायचे. ही गोष्ट धुळ्याची, संगणक अजून यायचे होते त्या दिवसांतली. आमच्या सरकारी कचेरीतली सगळी मशिनं आबांच्या हाताखालून जायची. त्यांचं घर त्यावरच चालायचं. बाहेरची कामं म्हणजे वरकड. सायकलला पत्र्याची पेटी अडकवून यायचे, पायजम्याला घोट्याशी चिमटा लावलेला असायचा. मी तेव्हा तिथे नवा टायपिस्ट, तात्पुरत्या नेमणुकीवर. दर तीन महिन्यांनी मोठ्या साहेबांची सही झाली तर मी कचेरीत, नाही तर भडगावला वडिलांच्या किराणा दुकानात डाळी निवडायला.

एकदा हेडक्लार्कच्या मशिनच्या दोन कळा अडकल्या. आबांनी कळांच्या खाली बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, लसणाची शेव कुठून आणतस?"

"मी टेबलावर काही खात नाही," हेडक्लार्क ताठ होऊन म्हणाले. आबांनी वर्तमानपत्र पसरलं, मशीन त्यावर तिरपं केलं आणि पाठीत दोन थापा दिल्या. वाटीभर शेव पडली. त्यात दोन शेंगदाणेही होते. त्या दिवसापासून हेडक्लार्क व्हरांड्यात जाऊन खाऊ लागले.

तर या कचेरीत एक मोठे साहेब कोकणातून बदलून आले. धुळ्याची बदली ही आपल्याला झालेली शिक्षाच आहे अशी त्यांची ठाम समजूत. पांझरेच्या कोरड्या पात्राकडे बघून ते असा काही सुस्कारा सोडायचे की नदीनं लाजावं. जोडून सुट्टी आली की अलिबागकडे सासुरवाडीला पळायचे आणि खडकावर उभं राहून समुद्रात गळ टाकायचे. त्यासाठी त्यांच्याकडे एक विलायती रीळ होतं, बोटीवर नोकरी करणाऱ्या मेहुण्यानं आणून दिलेलं. असलं रीळ आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे मासे जाळ्यानं धरतात. रीळ म्हणजे काठीला बसवायची चरखी. मूठ फिरवली की दोरा गुंडाळला जातो, आणि मोठा मासा ओढायला लागला की आतली एक चकती दोरा बेताबेतानं सोडते, तुटू देत नाही.

हे रीळ करकरायला लागलं तेव्हा साहेबांनी आबांना बोलावलं. आबांनी ते हातात घेतलं आणि चाटलं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"अहो, हे काय करताय!"

"साहेब, अजून मीठ शे."

"मी स्वच्छ पुसून आणलंय. ओल्या फडक्यानं."

"फडक्यानं मीठ आत जातं, साहेब. समुद्र पुसता येत नही. धुवावा लागतो."

ज्या माणसानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता तो कोकणातल्या माणसाला समुद्र धुवायला शिकवत होता. साहेबांना राग यावा की हसू हे ठरेपर्यंत आबांनी रीळ खोललंसुद्धा. पेढ्यांच्या खोक्यात त्यांनी एकेक भाग निघेल त्या क्रमानं मांडला. जुनं वंगण रॉकेलनं काढलं, दात्यांमधली घाण दात घासायच्या ब्रशनं. मग तीन पाणी. धार जोरात सोडायची नाही, नाही तर मीठ आणखी आत बसतं. लहान बाळाला घालतात तसं हलक्या हातानं पाणी घालायचं. मग सावलीत वाळवायचं, आतल्या पोलादी छऱ्यांना शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब, दात्यांना बोटाच्या टोकावर मावेल इतकं वंगण. मूठ फिरवली तर रीळ आवाजसुद्धा करेना. साहेबांनी ते कानाशी धरून पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा कचेरीत कोणासाठी तरी स्वतःहून चहा मागवला.

तीन पाणी म्हणजे तिन्ही गोड पाणी, हा आबांचा नियम. आता गोड पाणी धुळ्यात आणायचं कुठून? घरोघरचा नळ तीन-चार दिवसांआड यायचा, तोही त्याच्या मर्जीनं. कचेरीच्या मागे हापसा होता, पण त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे, डाळ शिजत नसे. त्यामुळे आबा घरून, अक्कांच्या पिंपातून, डबाभर पाणी सायकलला लावून आणायचे. अक्का म्हणजे आबांची बायको. एकदा मी काही निरोप घेऊन पाचव्या गल्लीतल्या त्यांच्या घरी गेलो तर अक्का दारातच भेटल्या. मला कचेरीचा माणूस समजून सगळा राग माझ्यावर काढला. "घरमा पेवाले पानी नही, आनि ह्या लोखंडले आंघोळ घालतस!" आबा आतून शांतपणे म्हणाले, "लोखंड बिचारं तोंड करत नही." त्यावर आत काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि मी निरोप न देताच परत आलो.

आबांची जीभ हळूहळू कचेरीत प्रसिद्ध झाली. एकदा साहेब सुट्टीवरून आले, रिळाची पिशवी आबांच्या हातात दिली. आबांनी रीळ काढलं, चाटलं, बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. "साहेब, हे अलिबागचं मीठ नही. मुरूडचं शे."

साहेब थक्क झाले. खरंच या खेपेला ते मुरूडला गेले होते. दिवसभर ते ज्याला त्याला हेच सांगत होते. मी मात्र शेजारीच उभा होतो. पिशवीच्या तळाशी मुरूडच्या खानावळीची पावती होती आणि ती आबांनी अलगद घडी करून पेटीत टाकली, ते मी पाहिलं होतं. नंतर मी विचारलं तेव्हा त्यांनी डोळा मारला.

"जीभ कधी कधी दमस रे भो. मग डोळा काम करस."

मी पोट धरून हसलो आणि मनात ठरवून टाकलं की ही जीभ-बीभ सगळं नाटक आहे. त्या वयात एक लबाडी कळली की सगळंच कळलं असं वाटतं. मला तसंच वाटलं, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

वैशाखातला मंगळवार होता. साहेब संध्याकाळच्या गाडीनं सासुरवाडीला निघणार होते, आणि रीळ मागच्या खेपेपासून तसंच मिठासकट कपाटात पडलेलं त्यांना दुपारी आठवलं. आबांना बोलावणं गेलं. मंगळवारी आबांचा अळणी उपास असे. त्या दिवशी जिभेला मिठाचा कणही चालत नसे.

"आज मी समुद्राला हात लावत नही, साहेब," आबा म्हणाले.

"हात लावा. चाटू नका," साहेब म्हणाले.

आबा व्हरांड्यात बसले, रीळ खोललं, रॉकेलनं पुसलं. सायकलला त्या दिवशी पाण्याचा डबा नव्हता. इतक्यात कोर्टातून शिपाई धावत आला. निकाल अर्धा टाइप झाला होता आणि मशीन अडकलं होतं. आबांनी पेटी उचलली आणि मला सांगितलं, "समोरच्या दवाखान्याच्या नळावरून कळशीभर पाणी आण, तीन पाणी दे, सावलीत वाळव. मी येतोच."

समोर म्हणजे रस्ता ओलांडून. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि दवाखान्याच्या नळाला तेवढं रोज पाणी असे, म्हणून तिथे बायकांची ही रांग. हापसा दहा पावलांवर. मी विचार केला, पाणी ते पाणी, आणि जीभ तर आज उपाशी आहे. तीन पाणी दिलं. तीन म्हणजे मोजून तीन. तेवढा मी प्रामाणिक होतो.

आबा आले. खोक्यातली चकती उचलून सवयीनं तोंडाशी नेली, उपास आठवला, तशीच खाली ठेवली. "बठ्ठं मीठ गयं ना रे?"

"सगळं गेलं, आबा."

त्यांनी तेल दिलं, वंगण लावलं, रीळ जोडलं. साहेब खुशीत गेले.

दहा दिवसांनी आले ते वेगळेच. त्यांच्या गळाला असा मासा लागला होता म्हणे की सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात तसा पाहिला नव्हता. खडकावर सगळी सासुरवाडी जमलेली. मासा ओढायला लागला, चकतीनं दोरा सोडायला हवा होता, ती जागची हलली नाही. दोरा तुटला, मासा गेला, आणि मेहुणा हसला. मासा गेल्याचं साहेबांनी सोसलं असतं. मेहुण्याचं हसणं त्यांना सोसवलं नाही.

आबांना बोलावलं तेव्हा मी डिक्टेशनची वही घेऊन खोलीतच होतो. आबांनी रीळ खोललं. चकतीवर पांढरी खपली धरली होती. त्यांनी ती जिभेला लावली आणि डोळे मिटले. मला अजून वाटत होतं की ते काहीतरी थाप मारतील.

"हे समुद्राचं मीठ नही, साहेब."

"मग कशाचं?"

"समुद्र सरळ खारा ऱ्हास. हे कडवट शे. हे आपल्या मागच्या हापशाचं."

बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. वहीत काही नव्हतं.

"हापशाच्या पाण्यानं धुतलं कोणी?" साहेबांचा आवाज चढला.

"मीच. घाई होती. मन्ही चूक शे."

समुद्राचं मीठ आहे, एवढं जरी ते म्हणाले असते तरी कोणाला काय कळणार होतं? पण जिभेनं सांगितलेलं फिरवणं त्यांना जमलं नाही. धुतलं कोणी, हे मात्र त्यांनी एका क्षणात फिरवलं. आणि मी, तोंडात जीभ असलेला माणूस, गप्प बसलो.

पुढच्या आठवड्यात कचेरीच्या मशिनांचं काम नाशिकच्या एका कंपनीकडे गेलं. आबांना कळवायचं पत्र मीच टाइप केलं, कार्बन लावून तीन प्रतींत. मशीन लोण्यासारखं चालत होतं, कारण आबांनी आदल्याच महिन्यात ते साफ केलं होतं.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर कोणाचा तरी स्टोव्ह खोलून बसले होते. मी म्हणालो, "आबा, उद्या साहेबांना खरं सांगतो."

"सांगशील नि काय व्हई? तुझी सही जाई. मन्हं काम काही परत येणार नही. त्या माणसाला मेहुणा हसला शे, तो आता कोणाचंच ऐकणार नही."

खरं सांगतो, मला हेच ऐकायचं होतं. तरी मी मानभावीपणे म्हणालो, "मग मला काहीतरी शिक्षा तरी द्या."

आबांनी विचार केला. डोळ्यांत ती खानावळीच्या पावतीची चमक आली. "महिनाभर अक्काले गोड पाणी आणून दे. रोज दोन डबे. आणि कोणाला काही बोलायचं नही. घरातही नही. मी बी बोलणार नही."

मी दवाखान्याच्या त्याच रांगेत, बायकांच्या टोमण्यांत, रोज सकाळी उभा राहू लागलो. पहिल्या दिवशी डबे उतरवले तर आबांनी दोन्हींत बोट बुडवून चाटलं आणि मान हलवली, "हां. नळाचं शे." महिना संपला, पण मी पाणी नेत राहिलो. त्यांनीही थांब म्हटलं नाही. साहेबांची बदली त्यांच्या मनासारखी किनाऱ्याला झाली, माझी नेमणूक कायम झाली, आबा शिलाई मशिनं आणि स्टोव्ह दुरुस्त करत राहिले. घरात तंगी होती, ते दिसत होतं. मग माझी बदली जळगावला झाली आणि पाणी थांबलं.

आबा गेल्याचं मला उशिरा कळलं. गेलो तेव्हा अक्का एकट्याच होत्या. भिंतीवर आबांचा फोटो होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर अक्कांनी विचारलं, "तू पानी काबर आणे रे? मी त्यासले विचारू तं म्हनेत, पोऱ्याले व्यायाम जोयजे."

पोराला व्यायाम पाहिजे, हे आबांचं उत्तर! मी सगळं सांगितलं. मंगळवार, रांग, हापसा, तीन पाणी, साहेबांची खोली, आणि माझं गप्प बसणं.

अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिन मी पानी दिधं नही त्यासले. घरमा पाव्हणा व्हतात. डबा हातमाईन वढी लिधा. माले वाटे, मन्हामुळेच त्यासनं हापीस गयं."

आबांच्या हातातून डबा हिसकावून घेतल्याचं इतकी वर्षं त्यांनी मनात ठेवलं होतं. नवऱ्याला कधी विचारलं नाही, कारण विचारायची भीती वाटली. आणि आबांनी कधी सांगितलं नाही, कारण मला दिलेला शब्द. माझी नोकरी वाचली होती ती या दोघांच्या मधे बसून.

मी पाया पडायला वाकलो, पण अक्का तोवर उठून फोटोसमोर गेल्या होत्या. पदर खोचला आणि पूर्वीच्याच आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं बोलायला लागल्या. "एवढं पोटमा ठेईसन बसनात! माले तरी सांगतात ना! मी रडू रडू डोया सुजाडी लिधात, नि तुम्ही म्हनतस पोऱ्याले व्यायाम जोयजे!"

पुष्कळ वेळ त्या बोलत होत्या. मी उंबऱ्यात खाली मान घालून उभा होतो. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माझ्या वाटणीची बोलणीही आबाच खात होते.