पीएफचा अर्ज फाडणारे गृहस्थ

पीएफच्या ऑफिसबाहेर फुटपाथवर बसून एक म्हातारे गृहस्थ लोकांचे अर्ज भरून देत. शर्ट कडक इस्त्रीचा, कॉलर मात्र विरल्यामुळे उलटून शिवलेली.

मी यवतमाळकडचा, आठवीत शाळा सोडलेला, एका आयटी कंपनीत साफसफाईला. मोटरसायकलचे तीन हप्ते थकले, म्हणून पीएफमधून निघेल तेवढा पैसा काढायला गेलो होतो.

“कारण काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“बहिणीचं लग्न लिहा ना जी. सगळे तेच लिहितात.”

“बहीण आहे?”

“नाही. मोटरसायकलचे हप्ते थकले जी.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “साठीनंतर आपण काय खाणार? मोटरसायकल?”

“तुम्हाला काय करायचं? फारम भरा!” मीही चिडलो.

“हप्ता झेपत नाही तर गाडी विक, बसने जा!” ते इतक्या जोरात ओरडले की रांगेतली माणसं वळली. “कारखाना बंद पडला तेव्हा मी सगळा पीएफ काढला. स्कूटर घेतली, रंगीत टीव्ही घेतला. म्हणून बहात्तराव्या वर्षी या उन्हात बसलोय!”

अर्ज फाडून त्यांनी माझे दहा रुपये परत केले. मी मनात शिव्या घालत निघालो. पण महिन्याभरात गाडी विकली, कर्ज फिटलं, पीएफ शाबूत राहिला.

आभार मानायला गेलो तेव्हा ते तिथे नव्हते. आता हा अर्ज मोबाइलवर भरतात. माझ्या हाताखालची पोरं जेवणाच्या सुट्टीत खोटं कारण निवडून मोकळी होतात. त्यांच्यावर ओरडणारं तिथे कुणी नसतं, याचाच मला संताप येतो.