मुलाच्या नावाचं कलम

आमच्या कणकवलीच्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा सत्कार असला की सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात पडतं. पुरस्कार मिळवणारे बहुतेक परदेशात असतात. मग मी थकल्या आवाजात तेच वाक्य म्हणतो, "त्यांच्या वतीने वडील सत्कार स्वीकारतील."

त्यातले एक वडील दर दोन-चार वर्षांनी येतात. त्यांचं नाव मला माहीत नाही; मी नेहमी मुलाचंच पुकारतो. खांद्यावर घातलेली शाल ते लगेच काढून मूळच्या घडीवर घडी घालतात. पुष्पगुच्छाऐवजी आम्ही हापूसचं कलम देतो, ते मात्र तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून नेतात.

यंदा एसटी स्टँडवर ते शेजारी बसले होते. मी सहज विचारलं, "पहिलं कलम धरलं का हो?"

"धरला तर! दोन वर्सा झाली."

"आंबे गोड आहेत ना?"

"माका काय म्हायत? कलम झिलाचा. तो येवन पयलो आंबो खातलो, मगे आमी."

"मग तोवर खातं कोण?"

त्यांनी नव्या कलमाच्या पिशवीतली माती बोटाने हळूच दाबली.

"वांदर," ते म्हणाले.