मावसाजी आणि डोशाची कड

माणूस ओळखावा तर आमच्या मावसाजींनी, आणि तोही मसाला डोसा समोर ठेवून. पत्रिका, पगार, घराणं, शेती हे त्यांच्या लेखी सगळं वरवरचं. त्यांचा जन्म बियाणं तपासण्याच्या सरकारी नोकरीत गेला. मूठभर दाणे ओल्या कागदावर ठेवायचे आणि कोणता उगवतो, कोणता सडतो ते बघत बसायचं. हळूहळू ती सवय माणसांवर घसरली आणि अमरावतीच्या बडनेरा रोडवरचं दाक्षिणात्य हॉटेल ही त्यांची प्रयोगशाळा झाली. दर रविवारी अकराला, म्हणजे नाश्त्याला उशीर आणि जेवणाला घाई अशा अवेळी, ते तिथे हजर. त्यांची एकुलती एक लेक प्रणाली ह्याला ब्रंच म्हणते. मावसाजी म्हणतात 'अकराचं'. मावशीला आंबवलेलं सोसत नाही, म्हणून सोबतीला प्रणाली आणि मी.

हॉटेलात शिरल्यावर माणसं बसतात. मावसाजी आधी भटारखान्याच्या दाराशी जाऊन तवा नीट तापलाय का ते कान देऊन ऐकतात. खोबऱ्याची चटणी त्यांच्या मते आजाऱ्याचं पथ्य, म्हणून खिशात जवसाच्या चटणीची डबी. वाढणारे अण्णा पूर्वी ह्या डबीवर डोळे वटारायचे. आता जाता-येता चिमूटभर स्वतःच उचलतात. डोसा आला की मावसाजी पहिल्यांदा त्याची कुरकुरीत कड मोडून प्रणालीच्या ताटलीत ठेवणार. तिला दात फुटत होते तेव्हापासूनची ही पद्धत, आणि आता ती बँकेत अधिकारी झाली तरी चालूच.

नात्यात कुणाचं स्थळ आलं की मुलाला इथे आणायचं असा दंडक. कडेपासून खात आत जाणारा मुलगा धीराचा. आधीच सांबार पिऊन टाकणारा उधळ्या. आणि मधूनच डोसा फाडून सरळ भाजीत हात घालणारा असला तर त्याला मुलगी देणे नाही. माझे यजमान पुण्याचे, नोकरीने अमरावतीत आलेले. ते काटा-चमच्याने जेवले, तेव्हा मावसाजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की माणूस चांगला आहे, पण पोटातलं ओठावर येणार नाही. बाई गं, काय खरं बोलले होते! मी एकदा त्यांना विचारलं की मुलाच्या घरी जाऊन का बघत नाही? तर म्हणाले, "घरी सारेच साजरे दिसतात, पोरी. डोस्यापुढं कोणी लपून राहत नाही."

आणि मग प्रणालीनेच मुलगा पसंत केला, तोही अकोल्याचा. अकोल्यात नुसतं ऊन आहे, असं मावसाजी म्हणत, जणू अमरावतीत बर्फ पडतो. प्रणाली मला म्हणाली, लग्न करीन तर ह्याच्याशी, पण बाबांनी हो म्हटल्याशिवाय नाही. मी म्हटलं, अगं मग त्याला सांगून ठेव ना, कडेपासून खा म्हणून. तर नाही म्हणाली. शिकवून नेलं तर बाबांना फसवल्यासारखं होईल म्हणे. वडिलांसारखीच हट्टी.

रविवारी अकोल्याचा मुलगा आला, पाया पडला, समोर बसला. डोसे आले. आणि त्या पठ्ठ्याने पहिलाच घास मधून फाडला! मी टेबलाखाली प्रणालीचा पाय दाबला. तिने मान वर केली नाही. मावसाजींचा डबी उघडणारा हात थांबला. तो मात्र भाजी, डोसा, सांबार निवांत खात होता, आणि सभोवार कड तेवढी शिल्लक, शेताच्या धुऱ्या-बांधासारखी. आता संपलंच सगळं, असं मला वाटलं.

इतक्यात त्याने ती अख्खी कड उचलली आणि बोलता बोलता प्रणालीच्या ताटलीत ठेवली. तिनेही न बघताच ती मोडून तोंडात टाकली. पहिल्यांदा घडत नव्हतं हे उघडच दिसत होतं. मावसाजी बघण्याच्या नादात राहिलेली स्वतःची कड मोडून आता कुठे हात पुढे करत होते. तो हात तसाच अधांतरी राहिला.

"नेहमी देतोस का रे तिले?" त्यांनी विचारलं.

"हो. तिले आवडते ना," तो म्हणाला.

मावसाजींनी हातातली कड आपल्याच ताटलीत परत ठेवली. मग अण्णांना हाक मारून त्यांनी पोरासाठी अजून एक डोसा मागवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मधून खाणारेबी काही काही बरे असतात." प्रणाली रडायला लागली. मुलाला बिचाऱ्याला काहीच कळलं नाही, तो तिला पाणी देत बसला.

आता प्रणाली अकोल्याला असते. आम्ही दोघं अजून रविवारी अकराला जातो. मावसाजी तवा ऐकून येतात, डबी काढतात. डोसा आला की कड मोडून त्यांचा हात सवयीने डावीकडे जातो. तिथे आता खुर्ची रिकामी असते. थोडा वेळ ते कड हातात धरून बसतात, मग माझ्या ताटलीत ठेवतात.

"घे," म्हणतात, "तूबी कोनाची तरी पोरगीच आहेस."

माझ्यापर्यंत येईतो ती कड मऊ पडलेली असते. मी कुरकुरीत असल्यासारखी खाते.