चुकलेल्या उमेदवाराचा टँकर

त्या दुष्काळात आम्ही मायलेकी दोन कोसांवरून पाणी आणायचो. माझी बी.ए.ची परीक्षा महिन्यावर आलेली, पण पुस्तक उघडायला सवड नव्हती. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमचं गाव लातुरात आलं, लोकसभेचा मतदारसंघ मात्र शेजारच्या जिल्ह्याचाच राहिला. हे लातूरच्या एका उमेदवाराला कुणी सांगितलंच नाही. तो तीन जीप माणसं घेऊन आमच्या दारात आला. आल्या माणसाला तांब्याभर पाणी द्यायची रीत, त्यात आमची घागर तळाला गेली.

माय भडकली. "साहेब, मतं लई हायत, पाणी न्हाई. आधी टँकर धाडा!"

दुसऱ्या दिवशी टँकर दारात हजर.

मी तिच्या कानाशी लागले. "माय, आपलं मत ह्यांना पडतच न्हाई."

"हाव का? मग गप बस. रांजण भरू दे."

त्यांनी मतदारयादी उघडून बघेपर्यंत तीन आठवडे टँकर आला. मी तीन आठवडे अभ्यास केला आणि बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली.