ताडपत्रीचं दुसरं टोक

फाल्गुनात आमच्या जवळा बाजारच्या शिवारात शिरलं की आधी वास भेटतो, माणसं नंतर. शिजत्या हळदीचा तो वास उग्र म्हणावा तर मातीसारखा ओलसर, आणि मृदू म्हणावा तर थेट घशात उतरणारा. अंगणात, दोरीवरच्या धुण्यात, चहाच्या कपात, सगळीकडे त्याचंच राज्य. जर्मनीतल्या ज्या लहानशा गावी मी वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून काम करते, तिथे वाससुद्धा जपून वापरतात: थोडा साबणाचा, थोडा कॉफीचा, शरदात कुजत्या पानांचा. त्यामुळे रजेवर आले की सुरुवातीचे दिवस मी नुसती श्वास घेत हिंडते, आणि पोरगी घरची असून पाहुण्यासारखी हवा खाते म्हणून माय मला हसते.

तिथली जर्मन भाषा मला सुखासुखी आली नाही. पी हळद अन् हो गोरी, असं भाषेचं नसतं. हिंगोलीच्या एका खासगी दवाखान्यातली नोकरी सांभाळून, मोबाइलवरच्या शिकवणीसमोर बसून मी ते कठीण उच्चार घोटत असे, तेव्हा शाळेत जाणारी माझी धाकटी बहीण मनीषा भाकरी थापता थापता माझी नक्कल करी. पुढे मी गेले. मागे मनीषा होती, म्हणूनच मला जाता आलं. ‘घरी मनीषा आहे ना’ हे वाक्य मी तिकडे इतक्या निर्धास्तपणे इतक्या जणांना ऐकवलं, की आपण एका जिवंत माणसाला खुंटीसारखं भिंतीत ठोकून आपला भार त्यावर टांगून आलो आहोत, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

यंदा आले, तर मनीषाही परिचारिका झालेली आणि त्याच भाषेच्या तोंडी परीक्षेला बसायला निघालेली. आमच्या आश्रमात एक जागा रिकामी होती. ती पास झाली आणि मी शब्द टाकला, तर तिचं काम होण्यासारखं होतं. माझी एकदा परीक्षा घे, खरं काय ते सांग, असा तिचा धोशा सुरू होता. त्या दिवशी सकाळी मायने मला गोठ्याजवळ गाठलं. “तुझं आयकती ती,” शेणाचे हात तसेच ठेवून ती म्हणाली. “तूच म्हन तिला, आजून कच्ची हायेस, यंदा राहू दे. ती बी गेली तं आमाला कोन हाय?”

माय मला खोटं बोलायला सांगत होती, याचं वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं ते हायसं. मनीषा राहिली असती तर माझं तिकडचं जगणं होतं तसं बिनघोर चाललं असतं, आणि वर आईचा शब्द पाळल्याचं पुण्य पदरात पडलं असतं. इतकी सोयीची आज्ञा मला जन्मात कुणी केली नव्हती. मी मान हलवली.

दुपार कलल्यावर आम्ही दोघी अंगणातल्या बाजेवर समोरासमोर बसलो. पलीकडे ताडपत्रीवर शिजवलेली हळद पसरलेली, तिच्यावर उन्हाचा जाड थर, आणि कडेला बसून माय हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे असं निवडत होती. ओसरीत बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. परीक्षेत समोरचं माणूस अनोळखी असतं, म्हणून मीही अनोळखी झाले. मनीषाने मला परक्या बाईला करावा तसा नमस्कार केला. आपल्या घराविषयी सांगा, असा अगदी ठरावीक प्रश्न मी जर्मनमध्ये विचारला.

ती सावकाश बोलली, पण एक शब्द चुकली नाही. आईवडील हळद आणि सोयाबीन पिकवतात, मोठी बहीण तुमच्या देशात काम करते, असं सांगून ती त्याच सुरात पुढे म्हणाली, “आश्विनात माझे वडील विहिरीजवळ घसरून पडले. शेजाऱ्यांच्या जीपमधून मी त्यांना दवाखान्यात नेलं. बहिणीचा फोन आला तेव्हा, ते बाजारात गेलेत, असं सांगितलं. मी कधी कधी फार थकते. मलाही जायचं आहे. आणि जावंसं वाटतं, याची लाज वाटते.”

ताईला हे ती मराठीत कधीच सांगू शकली नसती. परक्या भाषेत, परक्या बाईला, मायच्या देखत तिने ते सांगून टाकलं. तो फोन मला आठवत होता. बाबा बाजारात गेलेत हे ऐकून मी ‘बरं’ म्हटलं होतं आणि तिकडच्या पावसाचं वर्णन करत बसले होते. आल्यापासून बाबांना भिंतीला हात टेकून उठताना मी रोज पाहत होते आणि ते वयावर ढकलून मोकळी होत होते. माझा धंदा कोणता, तर म्हाताऱ्यांची उठबस पाहण्याचा. रोज सकाळी ज्या भाषेत मी लोकांच्या वडिलांना झोप लागली का, गुडघा ठणकतो का, असं विचारते, त्याच भाषेत माझ्या वडिलांच्या पडण्याची बातमी माझ्यापर्यंत पोचली होती. मला मान वर करवेना.

“काय म्हनून राहिली ती?” मायने विचारलं.

“म्हनती, हळद चांगली झाली यंदा.”

मायने हातातलं हळकुंड मोडलं, आतला रंग पाहिला. “येवढं बोलली,” ती म्हणाली, “अन् निस्ती हळदच?”

 मोडलेले तुकडे ढिगात टाकत मायनेच विचारलं, पोरगी पास व्हईल का. सकाळपासून तयार ठेवलेलं उत्तर माझ्या जिभेवर होतं; मनीषा माझ्याकडे नव्हे, बाबांच्या पाठीकडे बघत होती.

“व्हईल,” मी म्हटलं. “माझ्यापेक्षा चांगलं बोलती ती.”

खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही; खरं मी बोलले होते, आणि त्याचं ओझं पुन्हा मायच्याच डोक्यावर गेलं होतं. ऊन कुंपणापर्यंत सरकलं. दंव पडायच्या आत हळद गोळा करायला हवी, म्हणून माय गुडघ्यावर हात देऊन उठली आणि ताडपत्रीचं एक टोक धरत, घरातलं मीठ संपल्याचं सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली, “मंग पुढल्या साली हे टोक धराया मानूस बघावं लागंल.”

मनीषा जागची हलली नाही. मीच घाईने पुढे होऊन दुसरं टोक उचललं. हळदीसकट ताडपत्री इतकी जड असते, हे मी विसरून गेले होते.