उत्तनच्या होडीवरचा कुरव

भाईंदर पूर्वेच्या आमच्या इंद्रलोक वस्तीतून उत्तनला जाणं म्हणजे काही प्रवास नव्हे, असं आमच्या ह्यांचं मत. एकाच महापालिकेतलं गाव, रिक्षा आणि बस, झालं. पण निघताना मी दोनदा दारातून परत फिरले होते, त्यामुळे मी त्याला प्रवासच म्हणणार.

कारण सांगते. ऑफिसात वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेली फिलू, म्हणजे फिलोमिना, उत्तनची. तिच्या घरची होडी पावसाळ्यानंतर पुन्हा दर्यात जाणार होती. होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) त्यांना एक कुरव (समुद्रावरचा पांढरा पक्षी) रंगवून हवा होता. "मी घरी सांगितलंय, तू काढतेयस म्हणून," फिलू फोनवर म्हणाली. विचारायची तिला सवयच नाही.

आणि मी कोण, तर आमच्या सोसायटीची रांगोळीवाली काकू. कोणाकडे काही असलं की गेटवर माझी रांगोळी. लोक फोटो काढतात, छान म्हणतात, आणि संध्याकाळी वॉचमन झाडू मारतो. खरं सांगू का, तो झाडू मला आवडायचा. चुकलेली रेघ रात्रीपर्यंत टिकत नाही. तरुणपणी मला चित्रंच काढायची होती. मग नोकरी लागली, आणि बरं झालं लागली असं मी सगळ्यांना सांगत आले. त्या 'बरं झालं'मध्ये भीतीच जास्त होती. काढलेलं चित्र राहतं आणि लोक ते पुन्हा पुन्हा बघतात.

त्या दिवशी सोसायटीत सत्यनारायण होता. पहाटे गेटवर कमळ काढलं, ब्रश पिशवीत घातले आणि निघाले.

भाईंदर पश्चिमेहून बस मिळाली. राई गावाशी रस्त्याच्या एका अंगाला टॉवरचे सांगाडे आणि दुसऱ्या अंगाला अजून उरलेलं भाताचं हिरवं शेत. पुढे मिठागरं पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली, त्यांत आभाळ दिसत होतं. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या बाईंनी माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "तुम्ही पेंटर हाय काय?"

"छे हो, नाही," मी इतक्या घाईने म्हणाले की त्या जरा सरकूनच बसल्या.

डोंगरीचा चढ संपला आणि समुद्राचा वास आला. उत्तनला बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव पावसाळ्यामुळे रिकामे उभे होते. किनाऱ्यावर ओळीने होड्या ओढून ठेवलेल्या. फिलूची होडी ताजी निळी होती. फिलूचा मुलगा मेल्विन ती घेऊन दर्यात जातो, त्याने मला उभं राहायला लाकडी घोडा आणून दिला. फिलूची सासू प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, तिला सगळे मोठी आय म्हणतात. आजूबाजूच्या चार बायका हातातली कामं टाकून बघायला आल्या. रांगोळी मी पहाटे, कोणी उठायच्या आत काढते. माझा हात चालताना कोणी पाहिलेलाच नव्हता.

घरी दहा वेळा काढून पाहिलेला कुरव, पंख सरळ पसरलेला. पण ब्रश टेकवताना मी मागच्या बायकांकडे वळून पाहिलं. पंख मध्येच मोडल्यासारखा खाली वळला. मी चटकन टर्पेंटाइनचं फडकं उचललं.

"पुसू नको गो," मोठी आय म्हणाली.

"चुकलंय, आय. लगेच नीट करते."

"आमच्या घरात होडीवरचा रंग पुसत न्हाय. घासून काढला का होडीची परत यायची वाट जाते, असा माझा सासरा सांगायचा. काढलास तो राहू दे."

ज्या घरातला मुलगा रोज दर्यात जातो, त्या घराशी यावर वाद कसा घालणार? मी फडकं खाली ठेवलं, ब्रशही ठेवला, आणि थेट मांडवांकडे चालू लागले. बसचा थांबा तिथून दिसत होता.

फिलू मागून आली. तिच्या हातात ताटली, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. "आधी खा."

"फिलू, दुसरा माणूस बघ. मला नाही जमत."

"नको जमू दे. उद्या अर्धा पक्षी घेऊन होडी जाईल. कोणी विचारलं तर मी तुझं नाव सांगणार." मग ताटली माझ्या हातात देत म्हणाली, "तू मीटिंगमध्ये पाकिटांच्या मागे साहेबांची तोंडं काढायचीस आणि फाडून टाकायचीस. मला किती राग यायचा, माहितीये? एक तरी ठेवायला द्यायचीस ना."

मला हे माहीत नव्हतं. कालवण तिखट होतं, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं म्हणता आलं असतं, पण मी रडत होते. फिलूने रडू दिलं.

परत गेले तेव्हा बायका तिथेच होत्या. मी त्या वाकड्या पंखाकडे नीट बघितलं. पंख खाली असेल तर पक्षी वळत असणार, मग मानही वळायला हवी, दुसरा पंख वर जायला हवा. सरळ उडणारा कुरव सोडून दिला आणि वाऱ्यात वळणारा काढायला घेतला. रेघ मधूनमधून वाकडी जातच होती, फक्त मी थांबले नाही. पाठीमागचे लोक मात्र कधीतरी विसरायला झाले.

शेवटी मेल्विन लांब जाऊन बघून आला. "चांगलाय, मावशी. थोडा जाडा झालाय."

"मासे खातो," मोठी आय म्हणाली. "नाव टाक तुझा."

नाव मी कुठल्याच रांगोळीखाली टाकलेलं नव्हतं. पक्ष्याच्या पायाशी टाकलं, बारीक, पण वाचता येईल असं.

परतीच्या बसमध्ये मिठागरांवर ऊन उतरत होतं. नखांत निळा रंग बसला होता. होडी आता दर्यात जाईल, लाटा खाईल, कुठल्या कुठल्या किनाऱ्यावरचे लोक तो जाडा पक्षी बघतील, आणि तिथे मी सारवासारव करायला नसेन. अजूनही भीती वाटत होतीच. ती काही उत्तनला राहिली नाही, माझ्याबरोबरच बसमध्ये चढली.

गेटवर पोचले तेव्हा पूजा उरकली होती. माझं कमळ येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी फिसकटलेलं, आणि वॉचमन झाडू घेऊन उभा. "काकी, साफ कर दूँ?"

"कर दो," मी म्हणाले. त्याने झाडू मारला. नेहमी मला सुटल्यासारखं वाटायचं. आज पहिल्यांदा वाईट वाटलं.

वर गेले. ह्यांनी दार उघडलं. "झाला का प्रवास?"

"अहो, बाल्कनीतली ती व्यायामाची सायकल उद्या काढा. मला जागा लागणारे."

"कशाला?"

"चित्रं काढायला," मी म्हणाले.